लॉक कोणी धरलंय ते आधी शोधा

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या, डेडलॉकवर (एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचं अडकणं) आणि लॉक कंटेन्शनवर (एकाच लॉकसाठी होणारी गर्दी) इतके प्रश्न होते की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. लॉक म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप. म्युटेक्सवर थांबणारा झोपतो, स्पिनलॉकवर थांबणारा सीपीयूवर फिरत राहतो.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी कॅरॅक्टर ड्रायव्हर लिहिलाय. त्यात दोन म्युटेक्स आहेत, एक डिव्हाइसचा, एक बफरचा. दोन प्रोग्रॅम एकदम चालवले की कधीकधी दोन्ही लटकतात, किल नाइन दिलं तरी मरत नाहीत. डीमेस्गमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, येतं की टास्क 120 सेकंदांपेक्षा जास्त वेळ ब्लॉक्ड आहे, आणि खाली लांबलचक ट्रेस. त्यात नक्की काय वाचायचं? (विद्यार्थिनी, नाशिक)

तो मेसेज कर्नलचा हंग टास्क डिटेक्टर देतो. त्याचं काम साधं आहे, एखादा टास्क डी स्टेटमध्ये म्हणजे अनइंटरप्टिबल झोपेत गेला आणि 120 सेकंदांत एकदाही सीपीयूवर आला नाही की हा त्याचं नाव, पीआयडी आणि स्टॅक, म्हणजे तो कुठल्या फंक्शन्समधून इथवर आला त्याची यादी, छापतो. किल नाइन चालत नाही तेही याचमुळे, साध्या म्युटेक्स लॉकवर थांबलेला टास्क सिग्नल आला तरी उठत नाही. टॉप लावून बघ, सीपीयू रिकामा दिसेल आणि लोड ॲव्हरेज मात्र वर चढलेला असेल, कारण लिनक्स लोड मोजताना डी स्टेटमधले टास्कही धरतो. सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला असं दिसलं की कोणीतरी कशावर तरी अडकलंय असं समजायचं, मग ते लॉक असेल नाहीतर डिस्क.

आता खरा मुद्दा. छापला जातो तो वाट बघणाऱ्याचा ट्रेस. लॉक धरून बसलेल्याचं नाव त्यात येईलच असं नाही, तो कदाचित साध्या इंटरप्टिबल झोपेत असेल, कदाचित सीपीयूवर मजेत पळत असेल, आणि मग हा डिटेक्टर त्याच्याकडे बघतच नाही. शिवाय डिफॉल्टला दहा वॉर्निंग दिल्यावर तो गप्प होतो, म्हणजे एका लॉकमागे वीस जण अडकले तर पहिले दहा दिसतात आणि ज्याच्यामुळे अडकले तो राहूनच जातो. मेसेजच्या शेवटी तो बंद कसा करायचा तेही दिलेलं असतं, टाइमआउटच्या फाईलमध्ये शून्य लिहा म्हणून. ते करू नकोस, मेसेज जाईल पण टास्क तिथेच अडकलेले राहतील.

त्याऐवजी रूट होऊन प्रोकमधल्या सिसरिक्यू ट्रिगर फाईलमध्ये (सिसरिक्यू म्हणजे कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) डब्ल्यू हे एक अक्षर लिही, म्हणजे अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक एकदम मिळतात. कीबोर्डवरून सिसरिक्यू बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये अर्धवट बंद असतो पण या फाईलमधून रूटला कायम चालतो. लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारा कर्नलचाच भाग) ऑन करून कर्नल बिल्ड केला असेल तर डी लिही, मग कोणत्या टास्कने कोणतं लॉक धरलंय त्याची सरळ यादीच येते. 2025 मधल्या नव्या कर्नलमध्ये योग्य कन्फिग असेल तर हंग टास्कचा मेसेज स्वतःच सांगतो की हा ज्या म्युटेक्सवर थांबलाय तो बहुतेक अमुक टास्ककडे आहे, ही फार कामाची भर आहे, जमलं तर नवाच कर्नल वापर.

तुझ्या केसमध्ये दोन ट्रेस मिळतील. ते शेजारी शेजारी ठेव. फंक्शनच्या नावापुढचा ऑफसेट असतो त्यावरून नेमकी ओळ काढायला कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डीकोड स्टॅकट्रेस नावाची स्क्रिप्ट आहे, डिबग इन्फोसकट बिल्ड केलेलं मॉड्यूल तिला लागतं. मग प्रत्येक ट्रेसला दोन प्रश्न विचार, हा आत्ता कुठल्या लॉकवर थांबलाय, आणि इथे पोचायच्या आधी वाटेत याने कुठलं लॉक घेतलंय. पहिल्याचं उत्तर ट्रेसच्या वरच्या टोकाला असतं, दुसऱ्याचं खालच्या फंक्शन्सचा कोड वाचून काढावं लागतं. माझा अंदाज आहे की राइटमध्ये तू आधी डिव्हाइस आणि मग बफर घेतेस आणि आयओसीटीएलमध्ये (डिव्हाइसला आज्ञा देणारा कॉल) आधी बफर आणि मग डिव्हाइस. एकाने पहिला धरला, दुसऱ्याने दुसरा, आता दोघं एकमेकांची वाट बघतायत.

परीक्षेसाठी तू कॉफमन, एल्फिक आणि शोशानींच्या 1971 च्या पेपरमधल्या डेडलॉकच्या चार अटी पाठ केल्या असतील. त्यातल्या पहिल्या तीन कर्नलमध्ये बहुतेक वेळा असतातच, लॉक एकाकडेच राहणार, हिसकावून घेता येणार नाही, एक धरून दुसऱ्याची वाट बघितली जाणार. रोजच्या कामात मोडायला सोपी अट एकच, वर्तुळ. म्हणजे क्रम ठरवायचा, आधी डिव्हाइस मग बफर, कायम, आणि तो स्ट्रक्चरच्या वरती कॉमेंटमध्ये लिहून ठेवायचा. आतल्या ज्या फंक्शन्सना लॉक आधीच घेतलेलं हवं असतं तिथे लॉकडेप असर्ट हेल्ड टाकायचं, म्हणजे कोणी विसरलं तर कर्नलच ओरडेल. आणि एक विचारते, दोन म्युटेक्स खरंच हवेत का? प्रोजेक्टच्या ड्रायव्हरला एक पुरतो. दुसरं लॉक घालायचं ते मोजून, पहिलं कमी पडतंय हे दिसल्यावर.

प्रश्न : आमचा फाईलसिस्टीमच्या जवळचा एक कर्नल मॉड्यूल आहे. टेस्ट मशीनवर लॉकडेपने सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सीची वॉर्निंग दिली. पण हँग कधीच झालेलं नाही, ना आमच्याकडे ना कस्टमरकडे. सीनियर म्हणतात फॉल्स पॉझिटिव्ह आहे, त्या लॉकला चेकिंगमधून वगळा. काय करू? (सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे)

वगळू नका. निदान रिपोर्ट पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको.

लॉकडेप इंगो मोल्नार आणि आर्यन फान दे फेन यांनी लिहिलं आणि 2006 मध्ये 2.6.18 कर्नलमध्ये आलं. त्याची खरी ताकद हीच की डेडलॉक व्हायची ते वाटच बघत नाही. ए धरलेलं असताना बी घेतलं हे त्याने एकदा पाहिलं की ए कडून बी कडे एक बाण काढून ठेवतं. मग तासाभराने, वेगळ्या सीपीयूवर, वेगळ्या टास्कने बी धरून ए घेतलं की उलटा बाण येतो, वर्तुळ पूर्ण होतं आणि ते तिथल्या तिथे ओरडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडायची गरज नाही, अडकायची तर नाहीच नाही. म्हणून कधी हँग झालं नाही याचा अर्थ एवढाच की ती दोन मायक्रोसेकंदांची गाठ अजून पडलेली नाही, कस्टमरकडे सीपीयू दुप्पट झाले की पडेल.

रिपोर्ट वाचायचा कसा, कारण इथेच बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. सुरुवातीला दोन लॉक्सची नावं येतात, टास्क कुठलं घ्यायला बघतोय आणि कुठलं आधीच धरलंय. मग डिपेंडन्सीची साखळी उलट्या क्रमाने, त्यात शून्य नंबरची नोंद म्हणजे आत्ताची, जिच्यामुळे वर्तुळ पूर्ण झालं, आणि वरच्या नंबरच्या नोंदी म्हणजे आधी कधीतरी पाहिलेल्या, त्या वेळच्या स्टॅकसकट. लोक शून्य नंबरचाच स्टॅक बघतात कारण तो आत्ता घडलेला असतो, आणि तिथला कोड बरेचदा निर्दोष असतो. उलटा क्रम कोणी सुरू केला ते जुन्या नोंदीत सापडतं. इथेही तेच, आत्ता सापडला तोच दोषी असं धरून चालायचं नाही. त्याखाली दोन सीपीयूंचा छोटा तक्ता असतो, कोण कुठल्या क्रमाने गेलं तर अडकतील ते दाखवणारा, तो कागदावर उतरवून टीमला दाखवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता सीनियरांच्या बाजूने. फॉल्स पॉझिटिव्ह असतात, त्यांचं म्हणणं हवेतलं नाहीये. लॉकडेप एकेका लॉकला ओळखत नाही, क्लासला ओळखतं. एकाच ठिकाणी इनिशिअलाइझ झालेली हजारो लॉक्स त्याच्यासाठी एकच. त्यामुळे आई डिरेक्टरीचं लॉक धरून मुलाचं घेतलं तरी त्याला तेच लॉक दुसऱ्यांदा घेतल्यासारखं वाटतं. यासाठी नेस्टेडची फंक्शन्स आहेत, त्यात सबक्लास द्यायचा, आई वेगळी मूल वेगळं, असे आठ सबक्लास मिळतात. ओव्हरलेएफएससारख्या एकावर एक रचलेल्या फाईलसिस्टीममध्ये वरच्या आणि खालच्या आयनोडला (फाईलची कर्नलमधली नोंद) थरानुसार वेगळा क्लास दिलेला आहे, तो कोड बघा, तुमच्या मॉड्यूलला कदाचित हेच लागेल.

पण नेस्टेड लिहिताना तुम्ही कर्नलला एक वचन देताय, की हा क्रम कायम असाच असणार. ते खरं आहे का हे लॉकडेप आता तपासणार नाही. रीनेमचं उदाहरण घ्या. एक जण पहिल्या डिरेक्टरीतली फाईल दुसरीत नेतोय आणि त्याच क्षणी दुसरा जण दुसरीतली पहिलीत, दोघांना दोन्ही डिरेक्टऱ्यांची लॉक्स हवीत. व्हीएफएस (सगळ्या फाईलसिस्टीमच्या वरचा कर्नलचा सामायिक थर) तिथे आधी त्या अख्ख्या फाईलसिस्टीमसाठी असलेला एक रीनेम म्युटेक्स घेतो, मग कोण कोणाच्या पोटात आहे ते बघून क्रम ठरवतो. डिरेक्टरी नसलेल्या दोन फाईलींची लॉक्स घ्यायची असतील तर पत्त्याचा आकडा बघून, लहान आधी. असा काहीतरी पक्का नियम तुमच्याकडे असेल तर नेस्टेड वापरा आणि तो नियम तिथेच कॉमेंटमध्ये लिहा. नियम सांगता येत नसेल तर तो फॉल्स पॉझिटिव्ह नाही, तो बग आहे, आणि सीनियरांना हा प्रश्न जरूर विचारा, की आपला नियम एका वाक्यात काय आहे.

अजून एक, लॉकडेप पहिल्या रिपोर्टनंतर स्वतःला बंद करतं. म्हणजे तुमच्या टेस्ट मशीनवर ही वॉर्निंग बूटनंतर दोन मिनिटांत येत असेल तर पुढची आठ तासांची टेस्ट लॉकडेपशिवाय चाललीये. वॉर्निंग दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरची असली तरी तेच. म्हणून पहिली वॉर्निंग आधी मिटवायची, रीबूट करायचं, मग पुढची.

प्रश्न : आमच्या बोर्डवर ड्रायव्हर लोड केला की थोड्या वेळाने मशीन पूर्ण गोठतं. सिसरिक्यू नाही, पिंग नाही, कन्सोलवर अक्षर नाही. म्युटेक्स कुठेच नाही, फक्त एक स्पिनलॉक आहे. (एम्बेडेड डेव्हलपर, कोल्हापूर)

तो स्पिनलॉक इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने हाक मारली की हातातलं काम थांबवून चालणारा कोड) पण घेताय ना? मग जवळजवळ नक्की हेच आहे. साध्या फंक्शनमध्ये साधं स्पिन लॉक घेतलं, त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, हँडलर तेच लॉक मागत फिरत बसला, आणि ज्याच्याकडे लॉक आहे तो हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही. साध्या फंक्शनमध्ये आयआरक्यूसेव्हवालं लॉक घ्या, ते धरलेलं असेपर्यंत त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद राहतात. सॉफ्टआयआरक्यूशीच (इंटरप्टनंतरचं उरलेलं काम करणारा भाग) वाटून घेतलेलं असेल तर बीएचवालं पुरतं. लॉकडेप लावून एकदा चालवा, गोठायच्या आधीच इनकन्सिस्टंट लॉक स्टेट म्हणून सांगेल, कारण त्याला एवढंच दिसायला हवं की हे लॉक एकदा इंटरप्टमध्ये घेतलंय आणि एकदा इंटरप्ट चालू ठेवून घेतलंय.

तरी सापडलं नाही तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेला सीपीयू ओळखणारे पहारेकरी, चालू आहेत का बघा. डिफॉल्टला इंटरप्ट बंद अवस्थेत सीपीयू 10 सेकंद अडकला की हार्ड लॉकअप आणि कर्नलमध्येच फिरत 20 सेकंद दुसऱ्या टास्कला जागा दिली नाही की सॉफ्ट लॉकअप. हार्डवाला एक्स86 वर एनएमआयने (बंद न करता येणारा इंटरप्ट) चालतो, तुमच्या बोर्डवर तशी सोय आहे का ते तपासावं लागेल. मेसेज पकडायला सीरियल कन्सोल लावा. आणि ड्रायव्हरचा जो भाग हार्डवेअरशिवाय चालतो तो क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवून जीडीबी हा डीबगर जोडा, तिथे प्रत्येक सीपीयू एकेका थ्रेडसारखा दिसतो, सगळ्यांचे बॅकट्रेस एकदम मागा. केएएसएलआर (दर बूटला कर्नलचे पत्ते बदलणारी सोय) बंद करून बूट करायला विसरू नका नाहीतर पत्ते जुळणार नाहीत.

प्रश्न : माझ्या कोडमध्ये एकच म्युटेक्स आहे. एकच! तरी मॉड्यूल काढताना आरएममॉड अडकून बसतो. एका लॉकने डेडलॉक होतो कसा? (वाचक, ठाणे)

हा मला या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न. होतो, आणि अनुभवी माणसंही यात फसतात, कारण आपण फक्त लॉक नाव असलेल्या गोष्टी मोजतो. कर्नलमध्ये ज्याची ज्याची वाट बघायची ते सगळं लॉकच समजायचं.

तुमच्या एक्झिट फंक्शनमध्ये म्युटेक्स धरून कॅन्सल वर्क सिंक कॉल केलेलं आहे का बघा. ते फंक्शन चालू असलेलं वर्क (मागे चालायला रांगेत टाकलेलं काम) संपेपर्यंत थांबतं. ते वर्क आत तोच म्युटेक्स मागतंय. झालं, दोघं एकमेकांवर थांबले. टायमर डिलीट सिंकचंही तसंच, टायमरचा हँडलर जे स्पिनलॉक घेतो ते धरून त्याला कॉल करायचं नाही. या दोन्हींसाठी लॉकडेपमध्ये खोटी लॉक्स घातलेली आहेत, म्हणजे वर्क चालू असणं हेच एक लॉक धरल्यासारखं मानलं जातं, त्यामुळे ते पकडलं जातं. कम्प्लीशनची, म्हणजे काम झालं अशी खूण दुसऱ्याने देण्याची, वाट मात्र नेहमीच्या लॉकडेपला दिसत नाही. 2017 मध्ये त्यासाठी क्रॉसरिलीज नावाची तपासणी आणली होती, पण खोट्या वॉर्निंग इतक्या आल्या की त्याच वर्षी काढून टाकली. म्हणजे म्युटेक्स धरून वेट फॉर कम्प्लीशन केलेलं असेल तर ते तुम्हालाच डोळ्यांनी शोधायचंय, ग्रेप मारा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, हे कम्प्लीट कोण करणार आणि त्याला तिथे पोचायला माझं लॉक लागतं का.

मेमरीचं तर अजून लपलेलं असतं. फाईलसिस्टीमचं लॉक धरून तुम्ही साधं केमॅलॉक केलं, म्हणजे मेमरी मागितली, नेहमीच्या जीएफपी कर्नल फ्लॅगने. मेमरी भरपूर असेल तर काहीच होत नाही, वर्षभर होणार नाही. एक दिवस मेमरी संपते, अलोकेटर जागा करायला रिक्लेममध्ये शिरतो, रिक्लेम तुमच्याच फाईलसिस्टीमला म्हणतो की आयनोड सोड, आणि ती वाट त्याच लॉकपाशी येते. एकच लॉक, एकच टास्क, स्वतःच स्वतःची वाट बघतोय. उपाय म्हणजे नोएफएस फ्लॅग, म्हणजे रिक्लेम फाईलसिस्टीममध्ये शिरत नाही, किंवा 4.12 पासून त्याहून बरा पर्याय आहे, मेमॲलॉक नोएफएस सेव्ह आणि रिस्टोअर, त्यामध्ये जेवढा कोड येईल तेवढ्याला आपोआप लागू होतं, प्रत्येक अलोकेशनपाशी फ्लॅग लिहीत बसावं लागत नाही. लॉकडेपच्या रिपोर्टमध्ये एफएस रिक्लेम असं नाव दिसलं तर ते कुठलं खरं लॉक नाही, हीच वाट आहे.

वाचणाऱ्यांच्या लॉकबद्दलही सांगून टाकते. आरडब्ल्यू सेमाफोर (वाचणारे अनेक किंवा लिहिणारा एकच असं लॉक) वाचण्यासाठी दोनदा घेतलं तर काय बिघडलं, वाचणारे तर कितीही चालतात, असं वाटतं. पण दोन्हींच्या मध्ये एखादा लिहिणारा रांगेत येऊन उभा राहिला की नवा वाचणारा त्याच्या मागे थांबतो, आणि नवा वाचणारा तुम्हीच आहात. लिहिणारा तुमच्या पहिल्या लॉकसाठी थांबलाय, तुम्ही त्याच्यासाठी.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात एका डेटाबेस टीममध्ये आहे, घरी मराठी मासिकं येतात म्हणून हा कॉलम वाचते. आमच्या मोठ्या सर्व्हरवर थ्रेड्स वाढवले की एका मर्यादेनंतर थ्रूपुट वाढायचं सोडून कमी होतं. परफ टॉपमध्ये (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) सगळ्यात वर क्यूड स्पिनलॉकचं स्लोपाथ फंक्शन दिसतं. हँग काही नाही. लॉक तोडून छोटी करावीत का?

अजून नको, आधी कुठलं लॉक ते तरी कळू द्या. स्लोपाथ म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची जागा आहे, सगळ्या स्पिनलॉक्सची रांग त्याच फंक्शनमध्ये लागते. परफ तिथे वेळ दाखवतो कारण सीपीयू तिथे जळतोय, पण तिथे जळणारे सगळे वाट बघणारे आहेत. डेडलॉकमध्ये जे सांगितलं तेच इथेही, आकडा वाट बघणाऱ्याच्या नावावर पडतो आणि कारण धरणाऱ्याकडे असतं.

पहिली पायरी, कॉलग्राफसकट रेकॉर्ड करा, स्लोपाथला कोण बोलावतंय ते दिसेल. दुसरी, 5.19 पासून कर्नलमध्ये कंटेन्शन सुरू आणि कंटेन्शन संपलं असे दोन ट्रेसपॉइंट (मोजणीसाठी कोडमध्ये ठेवलेल्या जागा) आहेत आणि त्यावर परफ लॉक कंटेन्शन ही कमांड चालते. बीपीएफवाला (कर्नलमध्येच चालून मोजणारा छोटा प्रोग्रॅम) पर्याय वापरा, मशीनवर बोजा कमी पडतो आणि कर्नल वेगळा बिल्ड करावा लागत नाही. कॉल करणाऱ्याप्रमाणे, थ्रेडप्रमाणे, लॉकच्या पत्त्याप्रमाणे असं वेगवेगळं बघता येतं, आणि म्युटेक्स आणि आरडब्ल्यू सेमाफोरसाठी मालकाप्रमाणेही, तो पर्याय जरूर चालवा. जुनी लॉकस्टॅटची फाईलही आहे, ती थांबण्याचा वेळ आणि धरण्याचा वेळ दोन्ही वेगवेगळे देते, हे तिचं मोठं बलस्थान, पण त्यासाठी कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागतो आणि मोजण्यानेच लॉक्स मंदावतात, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नका.

मग बघायचं ते हे. कंटेन्शन थोड्या वेळा पण प्रत्येक वेळी थांबणं लांबलचक असेल तर कोणीतरी लॉक फार वेळ धरतंय, तिथे लॉक तोडून काही होणार नाही, आत काय काम चाललंय ते बाहेर काढा, आत अलोकेशन आहे का, यादी पूर्ण फिरून बघतायत का, डिस्कला हात लावतायत का. उलट धरण्याचा वेळ अगदी नगण्य आणि कंटेन्शन लाखोंनी असेल तर लॉक फार वेळा घेतलं जातंय, इथे तोडणं, किंवा प्रत्येक सीपीयूला स्वतःचा काउंटर देणं उपयोगी पडतं. या दोन आजारांचं औषध वेगळं आहे आणि न मोजता दुसरं औषध पहिल्याला देतात, हे मी फार बघते. टोलनाक्यावर एकाच गाडीची पाच मिनिटं पावती फाडत असतील तर अलीकडे लेन वाढवून रांग हटत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला अजून एक शंका आहे, एममॅप लॉकची, म्हणजे प्रोसेसच्या मेमरी नकाशाच्या लॉकची. ते आरडब्ल्यू सेमाफोर आहे, स्पिनलॉक नाही, पण त्याची रांग सांभाळायला आत एक स्पिनलॉकच असतं आणि गर्दी झाली की वेळ तिथेही दिसतो. एका प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड्स असले की सगळ्यांचे पेज फॉल्ट (मेमरीचं पान जागेवर नसल्यामुळे कर्नलकडे जावं लागणं) आणि सगळे एममॅप, एमअनमॅप त्या प्रोसेसच्या एकाच लॉकवर यायचे. 5.8 मध्ये त्याचं जुनं नाव एममॅप सेम बदलून एममॅप लॉक केलं आणि सगळीकडे ते थेट हाताळायच्या ऐवजी फंक्शन्समधून घ्यायला लावलं, दिसायला नुसतं नाव बदललं, पण पुढच्या बदलांची तयारी त्यातून झाली. 2023 च्या 6.4 मध्ये सुरेन बागदासारियन यांचं पर व्हीएमए लॉकिंग आलं, आता बरेचसे पेज फॉल्ट फक्त त्या त्या मेमरी भागाचं लॉक घेऊन निभावतात. तुमचा कर्नल त्याहून जुना असेल तर आधी नव्यावर चालवून बघा, स्वतः काही तोडायच्या आधी. आणि तुमचं मॉनिटरिंग दर काही सेकंदांनी त्या प्रोसेसची एसमॅप्स फाईल वाचत असेल तर तेही बंद करून बघा. डेटाबेसची मेमरी मोठी असली की ती फाईल वाचताना सगळी पेज टेबलं चालून जावी लागतात.

वाचणारेच जास्त आहेत म्हणून स्पिनलॉकच्या जागी रीड राइट लॉक टाकायचा मोह होईल. वाचणाराही लॉकमधला काउंटर बदलतोच, म्हणजे ती 64 बाइटची कॅशलाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे पळतच राहते, आतलं काम छोटं असेल तर फायदा शून्य, कधी तोटाच. खरंच वाचणारे जास्त असतील तर आरसीयू. पॉल मॅकेनी यांचं हे काम 2002 मध्ये 2.5 मालिकेत आलं, त्यात वाचणारा सामायिक जागेवर काहीच लिहीत नाही. पाथ शोधताना लागणारं डीकॅश लॉक असंच एके काळी सगळ्या सिस्टीमचं एकच होतं, निक पिगिन यांनी ते काढून 2011 च्या 2.6.38 मध्ये आरसीयूने पाथ चालायची सोय केली. आणि अख्ख्या कर्नलचं बिग कर्नल लॉक, 1996 च्या 2.0 मध्ये आलेलं, ते पूर्ण जायला 2011 चं 2.6.39 उजाडलं. पंधरा वर्षं लागली, कारण त्याने नक्की कशाचं रक्षण होतंय हे ठिकठिकाणी कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं, प्रत्येक ड्रायव्हर उघडून शोधावं लागलं. तुम्ही लॉक तोडाल तेव्हा प्रत्येक नव्या लॉकशेजारी ते कुठल्या फील्डचं रक्षण करतं ते लिहा. आणि तोडल्यावर लॉकडेपवाल्या कर्नलवर पूर्ण टेस्ट पुन्हा चालवा, एकाची चार लॉक्स झाली की क्रमाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

प्रश्न : प्रॉडक्शन मशीनवर महिन्यातून एकदा सगळं अडकतं, पीएस कमांड मारली तर तीही अडकते. लॉकडेप लावायची परवानगी नाही. रीबूट केलं की चालू होतं आणि पुरावा जातो. (सिस्टीम ॲडमिन, संभाजीनगर)

पीएस अडकणं हाच पहिला पुरावा आहे. ती प्रत्येक प्रोसेसची कमांडलाइन वाचते, त्यासाठी त्या प्रोसेसची मेमरी बघावी लागते आणि तिथे एममॅप लॉक लागतं. कोणीतरी ते लिहिण्यासाठी धरून अडकलंय. पीएसला फक्त पीआयडी, स्टेट, डब्ल्यूचॅन (कर्नलमध्ये कुठे झोपलाय) आणि कॉम (प्रोग्रॅमचं नाव) एवढेच रकाने मागा, कमांडलाइन नको, बहुतेक वेळा चालून जाईल. मग डी स्टेटवाल्यांच्या प्रोकमधल्या स्टॅक फाईली रूटने वाचून कुठेतरी बाहेर, दुसऱ्या मशीनवर ठेवा.

रीबूट करायच्या ऐवजी डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, घ्या. केडंप आधीच लावून ठेवावं लागतं, बूटच्या वेळी क्रॅश कर्नलसाठी मेमरी राखून, आणि ते एकदा मुद्दाम क्रॅश करून चालतंय का बघावं लागतं, हे शांत वेळेत करा. पुढच्या वेळी अडकलं की सिसरिक्यू ट्रिगरमध्ये सी लिहा, मशीन पडेल, डंप लिहील आणि पुन्हा उठेल. रात्री कोणी नसतं तेव्हासाठी हंग टास्क झाल्यावर पॅनिक कर अशी सेटिंग आहे, पण ती लावायच्या आधी डिस्क मंद झाल्यामुळे तुमच्याकडे 120 सेकंदांचे मेसेज एरवी येतात का ते जुन्या लॉगमध्ये तपासा, नाहीतर उगाच मशीन पडेल.

डंप उघडायला क्रॅश नावाचं टूल आणि नेमक्या त्याच कर्नलचं डिबग इन्फो लागतं. आधी त्याच टूलमधल्या पीएसला एम ऑप्शन देऊन कोण किती वेळ पडून आहे ते बघा, सगळ्यात जुना अडकलेला पहिला बघायचा, बाकीचे बहुतेक त्याच्यामागे लागलेले असतात. मग अनइंटरप्टिबल असलेल्या सगळ्यांचे बॅकट्रेस. ज्या म्युटेक्सवर तो जुना थांबलाय त्याचा पत्ता स्टॅकमधून काढून स्ट्रक्चर छापा, त्यात ओनर फील्ड असतं. 4.10 पासूनच्या कर्नलमध्ये त्या आकड्याचे शेवटचे तीन बिट फ्लॅग असतात, ते शून्य केले की धरणाऱ्या टास्कचा पत्ता हातात येतो. मग त्याचा बॅकट्रेस, तो कशावर थांबलाय, त्याचा ओनर कोण, असं पुढे पुढे. शेवटी एकतर पहिल्याच टास्कपाशी परत याल म्हणजे डेडलॉक, नाहीतर डिस्कच्या नाहीतर नेटवर्कच्या उत्तराची वाट बघणाऱ्या टास्कपाशी पोचाल म्हणजे दुखणं कर्नलच्या लॉकमध्ये नाहीच. आरडब्ल्यू सेमाफोर वाचणाऱ्यांनी धरलेलं असेल तर ओनर फील्डवर भरवसा ठेवू नका, तिथे जास्तीत जास्त शेवटच्या वाचणाऱ्याची खूण असते आणि तो कधीच सोडून गेलेला असू शकतो. अशा वेळी सगळ्या टास्कच्या स्टॅकमध्ये त्या सेमाफोरचा पत्ता शोधावा लागतो, वेळखाऊ आहे, पण सापडतं.